‘फक्त एक प्रेमकथा’ म्हणे!

या वीकेंडला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. अर्धा ड्राफ्ट तयारही होता. पण एक वाक्य गेला आठवडाभर डोक्यात वळवळतंय. ते आधी बाहेर काढतो, मग बाकीचं.

वाक्य असं: “अरे, ही काही गे फिल्म नाहीये. ही फक्त एक प्रेमकथा आहे. ते दोघं पुरुष आहेत हे अगदी इन्सिडेंटल आहे.”

बोलणारा माझ्याच टीममधला. चांगला माणूस आहे, भरपूर वाचतो. ‘ब्रोकबॅक माउंटन’ येऊन वीस वर्षं उलटून गेली म्हणून आम्ही सात-आठ जण एकाच्या फ्लॅटवर तो बघायला जमलो होतो. (आमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेला नव्हता. यांना ऑफिसात सीनियर म्हणतात!) तंबूतला प्रसंग आला तेव्हा दोघे जण फिस्सकन हसले आणि त्यांना लगेच “श्शू” झालं. आमच्या वर्तुळात आता असं हसलेलं खपत नाही, हे बरंच आहे. पण शेवटी हे वरचं वाक्य आलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळे पुसणाऱ्यांनीसुद्धा.

माझं म्हणणं असं आहे मंडळी, की ते हसणारे आणि हे वाक्य बोलणारे एकाच गावचे. फक्त एक जण एसटीने आला आणि दुसरा कॅबने.

आता गोष्ट काय आहे ते बघू. १९६३ सालचा उन्हाळा, अमेरिकेतलं वायोमिंग राज्य, मेंढ्या राखायला डोंगरावर गेलेले दोन गरीब पोरगे, एनिस आणि जॅक. पुढची वीस वर्षं ते वर्षातून एखाद-दोनदा मासेमारीच्या नावाखाली भेटतात. दोघांची लग्नं होतात, मुलं होतात. जॅक परत परत म्हणतो की आपण दोघं मिळून छोटंसं रँच घेऊ, एकत्र राहू. एनिस नाही म्हणतो. का? तर तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला मुद्दाम नेऊन एक प्रेत दाखवलेलं असतं. गावात दोन म्हातारे एकत्र राहायचे, त्यातल्या एकाला लोकांनी हालहाल करून मारलं होतं. बापाने पोराला ते बघायला लावलं. एनिसचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका सकाळीने ठरवलेलं आहे.

यातून “ते दोघं पुरुष आहेत” एवढं काढून टाका आणि गोष्ट सांगून दाखवा. एक मुलगा आणि एक मुलगी १९६३ साली डोंगरावर भेटतात, प्रेमात पडतात. पुढे? पुढे खाली उतरतात आणि लग्न करतात. अर्ध्या तासात सिनेमा खलास. ज्याला तुम्ही इन्सिडेंटल म्हणताय तो व्हेरिएबल काढला तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही हो.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. मूळ कथा लिहिणाऱ्या अ‍ॅनी प्रूने २००९ च्या एका मुलाखतीत वैतागून हेच सांगितलं होतं, की लोकांना ही गोष्ट जॅक-एनिसची वाटते, पण ती आहे त्या जागेची, तिथल्या लोकांच्या मनात बसलेल्या द्वेषाची. तिची कथा छापून आली ऑक्टोबर १९९७ मध्ये. बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर १९९८ मध्ये, त्याच वायोमिंगमधल्या लॅरमी गावाबाहेर मॅथ्यू शेपर्ड नावाच्या एकवीस वर्षांच्या कॉलेजातल्या मुलाला मारहाण करून कुंपणाला बांधून टाकलं होतं. गे होता म्हणून. तो वाचला नाही. त्याच्या आईवडिलांना जाऊन सांगा, इन्सिडेंटल.

यावर एक युक्तिवाद मला ठाऊक आहे, कारण तो त्याच रात्री झाला. “अरे, पण असं म्हटलं तरच लोक बघायला येतात ना! आधी आत तर येऊ देत.” सिनेमा विकणाऱ्यांनीही तेव्हा हेच केलं होतं. विकणाऱ्याचं ठीक आहे, त्याला तिकीट खपवायचं असतं. तुम्ही कशाला त्याचं ब्रोशर पाठ करताय? आणि आत आलेला माणूस जर “हे आपल्यासारखंच आहे” एवढंच घेऊन बाहेर पडणार असेल, तर तो आत आला होता कशाला? त्याला स्वतःसारखं काहीतरी बघायचं होतं, ते त्याने बघितलं. त्याच्यासारखं जे नव्हतं ते त्याने ‘युनिव्हर्सल’ म्हणून डिलीट केलं.

हीच गंमत मराठीत करून बघू. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा. शेवटच्या त्या काही मिनिटांत, जेव्हा लेकरू रक्तातल्या पावलांनी बाहेर येतं, तेव्हा थिएटरात काय शांतता पसरायची ते तुम्ही स्वतः अनुभवलेलं असणार. आता कुणी म्हणालं, “सैराटचा जातीशी काही संबंध नाही, ती फक्त एक प्रेमकथा आहे,” तर? म्हणणारे होतेच. आहेतही. पण निदान आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते वाक्य ऐकल्यावर म्हणणाऱ्याचं आडनाव आपोआप कळतं. :) आणि २०१८ मध्ये हिंदीवाल्यांनी ‘धडक’ काढून जात पातळ केल्यावर काय उरतं याचं प्रात्यक्षिकच दाखवलं. उदयपूरचे सुंदर तलाव उरतात. तेव्हा आपण सगळे ‘धडक’ला नावं ठेवत होतो, की मूळ दुखणंच काढून टाकलं राव. मग ब्रोकबॅकच्या वेळी तेच आपण स्वतः करतो आणि त्याला उदारपणा म्हणतो, हे कसं काय?

‘सैराट’च्या फक्त दोन महिने आधी, २६ फेब्रुवारी २०१६ ला, दुसरा एक सिनेमा आला होता. ‘अलीगढ’. हंसल मेहताचा, मनोज बाजपेयीचा. आणि तो आपला सिनेमा होता हो! हिंदीत असला तरी. कारण तो ज्याच्यावर आहे ते प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे. मराठीचे प्राध्यापक. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात परप्रांतातल्या मुलांना वर्षानुवर्षं मराठी शिकवत होते, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते. ‘पाया खालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह, त्याला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. कुणी मराठी माणूस नासात शिपाई म्हणून लागला तरी आपण फॉरवर्ड करतो. सिरसांचं नाव सिनेमा येण्याआधी तुम्ही किती जणांनी ऐकलं होतं? असो.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये शिरले आणि एका सायकलरिक्षावाल्याबरोबर असताना त्यांचं शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित केलं. कोणाला? शिरणाऱ्यांना नाही, सिरसांना. ‘गंभीर गैरवर्तन’. क्वार्टर सोडायला लावलं. निवृत्तीला काही महिने उरले होते. आणि गंमत बघा (गंमत कसली), त्या तारखेला हा गुन्हाही नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ लाच दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीने खाजगीत झालेल्या संबंधांना ३७७ कलमातून बाहेर काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला २०१३ मध्ये, आणि पुन्हा सरळ केला ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे सिरसांच्या बाबतीत कायदा त्यांच्या बाजूचा होता. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१० ला निलंबनाला स्थगिती मिळाली. जिंकले. ७ एप्रिलला भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला.

सहा दिवस.

हा सिनेमा मी पुण्यात पहिल्या आठवड्यात बघितला, एका मल्टिप्लेक्समध्ये. अर्धं थिएटर रिकामं. बाजपेयीचा एक प्रसंग आहे, सिरस रात्री एकटेच खोलीत बसून लताचं जुनं गाणं ऐकतायत, हातात ग्लास, डोळे मिटलेले, थोडे डुलतायत, मध्येच गुणगुणतायत. कॅमेरा हलतच नाही. हिंदी सिनेमातल्या एकटेपणाचा याहून खरा प्रसंग मला चटकन आठवत नाही. तिथे माझ्या मागच्या रांगेत हशा पिकला. त्यात समलैंगिक काय आहे? काहीही नाही! एक म्हातारा माणूस लता ऐकतोय. माझे वडील दर रविवारी हेच करतात, ग्लास वगळता. पण पडद्यावरचा हा माणूस ‘तसा’ आहे हे आधी कळलेलं असल्यामुळे आता त्याने काहीही केलं तरी हसायची परवानगी मिळाली होती.

या हशाचं ट्रेनिंग आपल्याला कुठे मिळालं तेही सगळ्यांना माहीत आहे. ‘कल हो ना हो’मधली कांताबेन (२००३), मग ‘दोस्ताना’ (२००८), शिवाय टीव्हीवरचे असंख्य साडी नेसलेले विनोदवीर. आमच्या पिढीने ‘गे’ हा शब्द शिकायच्या आधी त्यावरचा जोक शिकला. मराठीत ‘नटरंग’ने (२०१०) निदान उलटा आरसा धरला. नाच्या झालेल्या पैलवानाकडे बघून जे हसतात ते त्याच्याशी काय काय करू शकतात, हे त्यात दाखवलं. मात्र लोकांच्या लक्षात राहिली ती लावणी. असो, पुन्हा असोच.

आता पुण्या-मुंबईच्या बाहेर जाऊ. माझं मूळ गाव सिहोरा. तुमसर तालुका, जिल्हा भंडारा. गूगल मॅपवर बघणार असाल तर बावनथडी नदी शोधा, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. शेजारी चांदपूरचा मोठा तलाव आहे, आजूबाजूला धानाच्या बांध्या. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे पुण्याची भाजीमंडई नव्हे. जत्रा म्हणा हवं तर. पाळणे, मिठाई, लग्नाच्या सोयरिकी, आणि दंडार नाहीतर खडीगंमत, नाहीतर रात्रभराचं नाटक. २०१६ च्या दिवाळीत मी गेलो होतो, नोटबंदीच्या आदल्या आठवड्यात. हलका धान कापून झाला होता, भारी बांधीत उभा होता. दुपारी मंडईत खडीगंमत बघितली. ढोलकी, तुणतुणं, आणि लुगडं नेसून नाचणारा बाप्या. खडीगंमतीत बाईचं काम पुरुषच करतो, तशी रीतच आहे. लोक हसतात, शिट्ट्या मारतात, पण त्यात आपुलकीही असते. तो कुठल्या गावचा, किती एकर वाहतो, पोरं कितवीत आहेत, हे निम्म्या लोकांना ठाऊक असतं. आमच्या काकाजींनी त्याला वीस रुपये बक्षीस दिले आणि शाहिराने माइकवरून त्यांचं नाव घेतलं. काकाजी खूश.

त्याच रात्री घरी मी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि ‘अलीगढ’ लावला. मुद्दाम. नागपूरच्या प्राध्यापकाचा पिक्चर आहे एवढंच सांगितलं. बसलेले कोण? काकाजी, मोठी आई, दोन-तीन चुलतभाऊ, शेजारची पोरं, आणि माझा एक शाळेतला मित्र.

पहिल्या वीस मिनिटांतच काकाजी म्हणाले, “हे का लावला गा? बंद कर. पोट्टे बसले आहेत.” पोट्टे खुदखुदत होतेच. मी बंद केला नाही. काकाजी उठून गेले नाहीत, खुर्ची फक्त थोडी तिरपी करून बसले आणि शेवटपर्यंत तिरप्या खुर्चीतून बघत राहिले. दुपारचे वीस रुपये याच माणसाने दिले होते! माझा अंदाज असा, की खडीगंमतीतला बाप्या खेळ संपला की लुगडं सोडून ठेवतो, म्हणून तो चालतो. सिरसांना सोडून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते मोठ्या आईचं. ती सत्तरीची, शाळा चौथीपर्यंत. कॅमेरावाले घरात शिरतात तो प्रसंग बघून ती जी भडकली! “मानसाच्या घरात रातच्या बेरा असा कसा घुसतेत गा? पोलिसात कायले नाई देला त्याइले?” सिरस कोणाबरोबर होते यावर ती एक शब्द बोलली नाही. दार, घर, रात्र, एवढंच तिचं. आणि पिक्चर संपल्यावर तिने विचारलं, “अना त्या रिक्षावाल्याचा का झाला?”

पुण्यात हा सिनेमा बघून आम्ही कॉफी पीत तासभर चर्चा केली होती. अभिनय, सेन्सॉर (ट्रेलरलाच ‘ए’ सर्टिफिकेट दिलं होतं!), अलीगढ शहरात विरोधामुळे पिक्चर लागलाच नाही त्याची बातमी, ‘शहराची बदनामी’ वगैरे. रिक्षावाल्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हा गावाची आरती ओवाळायला लागला. अजिबात नाही. मोठ्या आईचा प्रश्न हवेत असतानाच काकाजींनी निकाल दिला, “मास्तर हुशार होता गा. लगन करून घेतला असता त सुदरला असता.” सिरसांचं लग्न झालेलं होतं आणि मोडलेलंही होतं, हे मी सांगितलं. त्यावर एक चुलतभाऊ म्हणाला, मग बायकोचीच चूक असेल. घ्या! आणि मोठी आईसुद्धा तिच्या स्वतःच्या नातवाच्या बाबतीत दार-घर-रात्र एवढ्यावर थांबली असती का, याची मला खात्री नाही. मुद्दा एवढाच, की “गावाकडचे हसतात आणि शहरातल्यांना समजतं” हे जे आपण गृहीत धरलेलं असतं ते माझ्या मशीनवर तरी चालत नाही. गावातले हसले, चिडले, सल्ला दिला, पण सिनेमा कशाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं होतं. ‘ही फक्त एका शिक्षकाची गोष्ट आहे’ असं सिहोऱ्यात एकही माणूस म्हणाला नाही.

तो शाळेतला मित्र त्या रात्री काहीच बोलला नाही. चपला घातल्या आणि गेला. चार महिन्यांनी त्याचा फोन आला, तासभर बोलला, आणि त्याने सांगितलं की तो गे आहे. (त्याला विचारून लिहितोय. ओळखू येईल असं काही लिहिलेलं नाही, आणि कोण कोण करत कमेंटमध्ये डोकं चालवू नका.) त्या रात्रीबद्दल तो म्हणाला, “मी पिक्चर कमी पायला. लोकाइले जास्त पायला.” कोण कुठे हसलं, कोणी खुर्ची फिरवली, कोणी काय विचारलं, सगळं त्याला क्रमाने पाठ होतं, अगदी टाइमस्टँपसकट लॉग फाइल असावी तसं. कोणाला कधीतरी सांगता येईल आणि कोणाला मेलो तरी नाही, याची यादी त्या दोन तासांत तयार झाली होती. मोठी आई यादीत कुठे होती ते मी विचारलं. वर होती.

म्हणून मला त्या ‘फक्त प्रेमकथा’वाल्या वाक्याचा इतका राग येतो. आठ जणांच्या फ्लॅटवर, पन्नास जणांच्या थिएटरात, दोनशे जणांच्या ऑफिसात असा एखादा माणूस अंधारात बसून लोकांकडे बघत असतो, आणि त्याला तुमच्या समीक्षेशी काही देणंघेणं नसतं. तुमची प्रतिक्रिया हीच त्याच्यासाठी बातमी असते. हसणारा त्याला निदान स्पष्ट काहीतरी सांगतो: माझ्यापासून लांब राहा. “ते दोघं पुरुष आहेत हे इन्सिडेंटल आहे” म्हणणारा काय सांगतो? की तू रडलास तर मी तुझ्याबरोबर रडेन, पण तुझ्या रडण्याचं जे कारण आहे ते मात्र काढू नकोस, मला ते बघायचं नाहीये. या दुसऱ्या माणसाला यादीत कुठे टाकायचं ते कळत नाही, असं माझा मित्र म्हणतो. मी तर म्हणेन खालीच टाक.

१९९८ च्या डिसेंबरात मुंबईत ‘फायर’ लागलेल्या थिएटरवर शिवसैनिकांनी हल्ला केला, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. सेन्सॉरने एकही कट न देता पास केलेला सिनेमा. तो हल्ला निषेधार्हच होता. पण त्या लोकांना सिनेमा कशाबद्दल आहे ते नीट कळलं होतं, हे मान्य करायला हवं. दोन बायका, दोन जावा, नवऱ्यांना सोडून एकमेकींबरोबर निघून जातात, याच्याबद्दल तो होता. कुणी दगड हातात घेऊन “ही युनिव्हर्सल स्टोरी आहे” म्हणत नव्हतं.

आणि ‘फायर’चा शेवट आठवतो? त्यात कुणी मरत नाही. आगीतून वाचून राधा दर्ग्यात पोहोचते, सीता तिथे वाट बघत असते. दोघी जिवंत, दोघी एकत्र. आपल्याकडे काचा फुटल्या त्या या सिनेमाच्या. ज्यात शेवटी मरण आहे त्यांच्या वाट्याला अश्रू येतात, पुरस्कार येतात. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा, म्हणजे १९८१ सालची, शेवटी आत्महत्या करते. जॅक मरतो. सिरस तर खरेच गेले. मेल्यावर आपण फार सहृदय होतो. हळहळायला काही लागत नाही, मेलेला माणूस भाड्याने घर मागायला येत नाही, बहिणीच्या लग्नात जोडीदाराला घेऊन येऊ का असं विचारत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा ब्रोकबॅकला ढसाढसा रडलेल्यांपैकी किती जणांनी “आता हे जरा जास्तच मागतायत” असं म्हटलं, ते मी ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

त्या प्रू बाईंना लोक अजून एक त्रास द्यायचे म्हणे. वाचक, त्यातही बहुतेक पुरुष, गोष्टीचा शेवट बदलून, जॅकला जिवंत ठेवून किंवा एनिसला दुसरा कोणी देऊन, नव्याने लिहून तिला पाठवत. ती इतकी कावली, की ही कथा लिहिलीच नसती तर बरं झालं असतं असं म्हणाली. लेखिका म्हणून तिचं बरोबर आहे, दुसऱ्याच्या कोडमध्ये न विचारता कमिट करू नये. पण त्या पुरुषांची मला कीव येत नाही, उलट त्यांचं मला पटतं. निदान त्यांना कळलं होतं की मरण हा गोष्टीतला सुंदर भाग नाहीये.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, ‘साबर बोंडं’ आला. रोहन परशुराम कानवडेचा. त्याआधी जानेवारीत सनडान्सला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आला होता. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे बाल्या भेटतो, लहानपणीचा. आईला आनंदबद्दल सगळं माहीत आहे. शेवट सांगत नाही, पण त्यात कुणी मरत नाही (वडील सोडून, ते आधीच गेलेले). कुणी कुणाला मारतही नाही. शेतात बसून बोलतात, शेळ्या चारतात, नातेवाईक लग्नाचा विषय काढून डोकं खातात. प्रमाण मराठी नाही, गावाकडची बोली. मित्र तेव्हा कामासाठी पुण्यात आला होता, आम्ही दोघं मिळून बघितला. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत पुढचे दोघे बोलत होते, “चांगला आहे रे, पण यात काही घडतच नाहीये.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं सिनेमात काय ‘घडायचं’ हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

बाहेर पडल्यावर त्याला म्हटलं, येत्या मंडईला हा घरी लावू का, कुठे मिळाला तर? काकाजी आता थकलेत, पण खुर्ची तीच आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आन ना. पन यावेळी लाइट बंद नोको करजो.”